काठावर पाच, पाण्यात सहा

खोटं बोलायलाही शिस्त लागते. मी पन्नासेक वर्षं खोटं बोलत आलो, पण त्यामुळे कोणाच्या ताटातला एक झिंगासुद्धा कमी झाला नाही. याचं श्रेय माझं नाही, एका मरळीचं आहे.

झालं असं, की आमचे आजे सोमाजी यांच्या जाळ्यात एकदा हातभर मरळ आली. आज्यानं तिला टोपलीत टाकली तर ती म्हणाली, "सोमाजी, कापाची तं काप, पण आधी एक बिडी पाज." आज्यानं बिडी पेटवून दिली. तिनं दोन झुरके मारले, कल्ल्यातून धूर सोडला आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "विस्तव चांगला हाये, पण पान कच्चं हाये." तेव्हापासून आमच्या भागात तेंदूचं पान वाळवून मग विकायची रीत पडली.

ही मरळ माझ्या प्रत्येक गोष्टीत येते. राजाची गोष्ट असो की वाघाची, मधेच कुठंतरी ती डोकं वर काढून विस्तव मागते. ती आली की ऐकणारा हसतो. तो हसला की मला समजतं, याला कळलं: हा माल इथंच ऐकायचा, घरी न्यायचा नाही. मिठाचा खडा म्हणा ना. खड्याशिवाय मी कोणाला गोष्ट वाढली नाही.

पोटासाठी मी पेंटर. दुकानांच्या पाट्या, आणि हिवाळ्यात वडशाच्या नाटक कंपन्यांचे पडदे. महालाचा पडदा, जंगलाचा पडदा, तलावाचा पडदा. खाली कोपऱ्यात सही: लटारू पेंटर, वडसा. तलावाच्या पडद्यावर कमळाच्या पानाआडून मरळीचं तोंड, तोंडाशी मोहरीएवढा लाल ठिपका आणि केसाएवढी धुराची रेघ असायचीच. प्रेक्षकांना ती दिसत नसे. पण माझं मन साफ राही.

त्या तलावात आणखी एक खोट होती. ती एकट्या माझ्या बहिणीला माहीत होती.

बायनाबाई माझ्याहून आठ वर्षांनी लहान. मी पहिला तलावाचा पडदा रंगवला तेव्हा ती बारा वर्षांची, करवंट्यांत रंग कालवून द्यायला बसली होती. पडदा वाळत टाकला, दुसऱ्या दिवशी प्रयोग, आणि ही बोटं नाचवत म्हणते, "दादा, काठावर शिंदी पाच हायेत. पाण्यात सहा काऊन?" मी मोजली. खरंच की! पाण्यातल्या पडछायेत एक शिंदी जास्त पडली होती. दुरुस्तीला वेळ नव्हता. मी म्हटलं, "ते सहावं झाड तुहं हाये. कोणाले सांगू नको." तिनं सांगितलं नाही. मग मीही पुढच्या प्रत्येक तलावाला काठावर पाच आणि पाण्यात सहा शिंदी काढत गेलो. मरळीची खूण चेल्यांना शिकवली, शिंदीची नाही. मांजरीनं वाघाला सगळं शिकवलं आणि झाडावर चढणं तेवढं राखून ठेवलं, तसं समजा.

चेले बरेच झाले, पण हात एकाचाच बसला. स्वप्निल. त्याच्या हातात कुंचला मी दिला. 'क'चं पोट किती फुगवायचं, 'ळ'ची गाठ कुठं सोडायची, सगळं माझं. मग फ्लेक्स आले आणि पाट्या रंगवणाऱ्यांचे डबे वाळले. स्वप्निल नागपूरला गेला, कॉम्प्युटर शिकला, परत येऊन वडशाच्या स्टेशनाजवळ ग्राफिक्सचं दुकान टाकलं. मला वाईट वाटलं नाही. नदीनं पात्र बदललं तर ढिवरानं जाळं तिकडं न्यायचं असतं. दर दिवाळीला तो येऊन पाया पडायचा.

गेल्याच्या गेल्या कार्तिकात एका दुपारी तो नाटक कंपनीच्या गोदामात आला. मी तलावाच्या पडद्याला ठिगळ लावत होतो.

"काका, एक काम होतं. तुमच्याबिगर होत नाई."

"पाटी रंगवाची हाये का?"

"ब्रँडिंग हाये. गुणवंतरावायनं लेआउट टाकला ना, कुरखेडा रोडले. त्याचं."

गुणवंतराव म्हणजे आमच्याकडचा जमिनीचा मोठा माणूस. शेती घ्यायची, चुन्याच्या रेघा मारायच्या आणि रेघांमधली माती विकायची.

"तिथी तं धानाच्या बांध्या हायेत. त्यायले कायचा ब्रँड?"

"काका, आता नुसता प्लॉट खपत नाई. त्याले नाव लागते, लोगो लागते, रंग लागते. आन मागं एक गोष्ट लागते. लोक माती नाई घेत, गोष्ट घेतात."

"असं असतं तं मी आतापर्यंत आख्खा वडसा विकून खाल्ला असता."

तो हसला आणि मोबाइलवर लोगो दाखवला. निळ्या गोलात कमळ, खाली 'नीलजल लेक सिटी' आणि त्याखाली बारीक अक्षरात 'पाण्याच्या सोबतीनं'. खोटं कशाला सांगू, काम देखणं होतं. दोन निळे घेतले होते, एक पहाटेच्या पाण्याचा आणि एक दुपारच्या. अक्षरं गोलसर, म्हणजे वाचणाऱ्याला गार वाटावं. शिरोरेषा लाटेसारखी केली होती आणि लाट उजवीकडं चढती ठेवली होती. हे माझंच शिकवणं. पाटीवरचं अक्षर उजवीकडं उतरलं की दुकान बसतं.

"लाट बरोबर चढवली बे," मी म्हटलं.

"तुमचीच विद्या, काका. आता गोष्ट सांगा. त्या जागेची. जुनी वाटाले पाह्यजे."

त्यानं मोबाइल माझ्यासमोर उभा ठेवला. मला काय, कोणी कान दिला की माझी जीभ वल्हं मारायला लागते. मी सांगितलं, की त्या जागी राजाचा तलाव होता. एवढा मोठा, की या काठचं पोट्टं पोहत निघालं तर त्या काठाला पोचेपर्यंत त्याला नातू व्हायचे. पाणी असं गोड, की बाया भातात गूळ घालत नसत. भर उन्हाळ्यातही आटलं नाही. पुनवेला चंद्र आंघोळीला उतरे आणि धोंड्यावर पाठ घासे. ते डाग अजून गेले नाहीत. आणि घाटावर मरळी रांग लावून बसत, येणाऱ्या-जाणाऱ्याला विस्तव मागत. स्वप्निल डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग म्हणाला, "हा पडदा जरा उजेडात घेऊ का? फोटो काढतो. लेक पाह्यजेच ना."

पडद्याला सुरकुत्या होत्या. दारात नेऊन मी स्वतः खालचा बांबू धरून ताणला. हात भरून आले, पण सोडला नाही. हे लक्षात ठेवा, पुढं कामी येईल.

दोन महिन्यांनी मी बाजारातल्या बिरजूच्या टपरीवर चहा पीत होतो. कोपऱ्यावरून भोंगा लावलेला ऑटो आला आणि त्यातून मी बोलायला लागलो.

"माह्या आज्यानं सांगतलं होतं... या जागी राजाचा तलाव होता... पाणी गोड... भर उन्हाळ्यातही आटलं नाई..." मग एका बाईचा साखरेसारखा आवाज: "नीलजल लेक सिटी. कुरखेडा रोड. पाण्याच्या सोबतीनं."

माझाच आवाज. पण पोहता पोहता म्हातारं होणारं पोट्टं नाही, पाठ घासणारा चंद्र नाही, मरळ नाही. गोष्टीत जिथं जिथं हसू होतं तिथं तिथं ते कापून बासरी लावली होती.

बिरजू कपातली साय बोटानं काढत म्हणाला, "का हो लटारूभाऊ, दलाली सुरू केली का? आन तुमची मरळ कुठी गेली, माहेरी?"

टपरी हसली. मीही हसलो. बिरजूनं गल्ल्याखालून एक गुळगुळीत पुस्तिका काढून दिली. पहिल्या पानावर माझा तलाव. आता कबूल करतो, आधी माझी छाती फुगली. माझं पाणी अशा चकचकीत कागदावर कधी आलं नव्हतं. काठावर गुलाबी बंगले बसवले होते, त्यापुढं कुठल्या तरी थंड देशातलं गोरं जोडपं लेकरू घेऊन हसत होतं. मी चष्मा लावून कमळाच्या पानामागं पाहिलं. मरळ नव्हती. त्या जागी आणखी एक कमळाचं पान चिकटवलं होतं. इतक्या सफाईनं, की मलाच वाटलं, मी ती काढली होती की नाही?

चहा गार झाला. मी उठलो.

आमचं घर नदीकाठच्या ढिवर मोहल्ल्यात आहे, वडशापासून पायी अर्धा तास. माझं घर आणि बायनाचं घर लागून. तिचा माणूस गेल्यापासून ती एकटीच. सकाळी मासोळ्यांची टोपली घेऊन वडशाच्या बाजारात बसते, आणि मी तिच्याकडं जेवतो. दोन पुरांत नदी तिच्या घरात शिरली. दोन्ही वेळा ती शेगडी डोक्यावर घेऊन शाळेच्या वऱ्हांड्यात जाऊन बसली. तेव्हापासून तिचं एकच म्हणणं: "पाणी दिसाले पाह्यजे, घरात याले नाई पाह्यजे."

त्या दिवशी घरी गेलो तर ती पेटीतून कागद काढून बसली होती. घराचा उतारा.

"दादा, बरं झालं आलास. गुणवंतरावाचा माणूस येऊन गेला. माह्या या घराच्या बदल्यात प्लॉट देतो म्हणते. तलावासमोरचा. त्यायले इथी नदीवर फार्महाऊस पाह्यजे हाये. रविवारी तिथी कार्यक्रम हाये, तवाच कागद द्याचा."

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

"बायना, तिथी तलाव नाई."

"तूच तं सांगतलं."

"ते खोटं होतं व. गोष्ट होती."

तिनं कागदाची घडी मोडून पुन्हा घातली. "दादा, मी तुही बहीण होय. तू खोटं सांगतेस तवा मरळ येते. मी तीनदा आयकलं, ऑटोच्या मागं बाजारभर फिरली. मरळ नोयती. म्हणून तं मी खरं मानलं."

मला ते असं लागलं, की काय सांगू. गावात मला हसणारे शंभर होते. माझ्या खोट्याची कुलूपकिल्ली समजलेली ही एकटी होती, आणि तीच फसली होती.

"स्वप्निलनं मरळ कापली. आवाजातून कापली, चित्रातून पुसली."

"स्वप्निल तुह्या पाया पडते. तो काऊन असं करन?" तिनं माझ्याकडं तिरकं पाहिलं. "मी तिकडे गेली तं तुह्या दोन टाइमच्या भाकरीचं काय होईन, ते सांग ना सरळ. मांगं मी लाखांदूरले जाऊन राह्यली होती तवा तुले छातीत दुखलं होतं. डॉक्टर म्हणला, गॅस."

हे मात्र खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच स्वप्निलच्या दुकानात गेलो. तो कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यासमोर बसून फ्लेक्सचं चित्र नीट करत होता. माझा तलाव भिंतीएवढा. मला पाहून उठला, खुर्ची पुसली, पाया पडला.

"मरळ कुठी हाये?" मी विचारलं.

"हाये ना काका. डिलीट नाई केली." त्यानं कुठंतरी टिचकी मारली आणि कमळाचं पान नाहीसं झालं. खाली माझी मरळ, तोंडात बिडी. पुन्हा टिचकी मारली, पान परत आलं. "लेअर बंद केला फक्त."

"उघड तो."

"क्लायंट नाई म्हणते. प्लॉट विकाचा हाये का बिडी?"

"स्वप्निल, बायना घर देऊन राह्यली. माह्या आवाजावर."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता उठतो, आता म्हणतो, काका, चुकलं. त्यानं चित्र खाली खाली सरकवलं आणि अगदी तळाच्या कडेला नेलं. तिथं मुंगीच्या पायाएवढी अक्षरं होती. त्यानं ती मोठी केली: 'चित्र प्रातिनिधिक. प्रत्यक्ष जागेशी साम्य असेलच असे नाही.'

"हे पाहा काका. तुमीच शिकवलं ना, खोट्यात एक खूण ठेवाची? ठेवली. कायद्यानं बी चालते."

"मरळ पाहून माणूस हसते बे. हे कोण वाचन? बायनाले 'क' आन 'ब' येते फक्त."

"ते आपल्या हातात थोडी हाये, काका." त्यानं चहा मागवला. "रविवारी तुमी स्टेजवर बसाचं हाये. गुणवंतरावायनं शाल आणली. हेरिटेज म्हणून तुमचा सत्कार हाये."

मी चहा न घेता निघालो. दारात वळून पाहिलं, तो पुन्हा कामाला लागला होता. कॉम्प्युटरच्या उंदरावरचं बोट किती हलकं चालवत होता! मीच सांगितलं होतं, पाण्याला हात जड लागू देऊ नको.

रविवारी मी गेलो. शाल घ्यायला नाही, बोलायला. माइक हातात आला की सांगून टाकायचं, मग बायनाचं घर वाचतं, असा माझा सरळ हिशोब.

धान निघून गेलं होतं. बांध्या सपाट करून त्यांवर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या आणि प्रत्येक चौकोनात निळी झेंडी. मांडव, जिलेबी, खुर्च्या. आणि मांडवामागं माझा तलाव, आडवा चाळीस फूट, ऊन पडून असा चमकत होता, की दोन बगळे वरून फिरून गेले. ही थाप नव्हे, बिरजूनंही पाहिले. बायना पहिल्या रांगेत, धुतलं लुगडं नेसून, प्लास्टिकच्या पिशवीत कागद धरून. सुरुवातीलाच गुणवंतरावांच्या माणसानं फिरून लोकांचे कागद गोळा केले आणि टेबलावर मांडले. तिचाही गेला.

शाल पांघरली. नारळ दिला. माइक दिला.

"मायबापहो," मी म्हणालो, "आज मी खरं सांगतो. इथी तलाव नोयता, नाई आन होणार बी नाई. या बांध्या होत. खोलगट जागा हाये. पावसात कंबरभर पाणी साचते, म्हणून जुन्या लोकायनं इथी साधी खोपडी बी नाई बांधली. हा जो मांगं तलाव दिसते, तो माहा हाये. नाटक कंपनीच्या गोदामात बांबूले गुंडाळून ठेवला हाये."

जिलेबीला गेलेले हात थांबले. मला वाटलं, पोचलं.

मागून कोणीतरी ओरडलं, "तलाव गुंडाळून ठेवला म्हणते! वा रे लटारूभाऊ!"

आणि अख्खा मांडव फुटला. टाळ्या, शिट्ट्या. "मंग मरळ बी गुंडाळली का?" "बांबू कितीचा लागला गा?" "पाणी सांडलं नाई का?" बिरजू तर मांडी बडवत होता. आयुष्यात मला एवढी दाद मिळाली नव्हती. जन्मभर थापा मारल्या आणि त्या सगळ्यांत ही पहिली खरी गोष्टच लोकांना सर्वांत मोठी थाप वाटली.

मी स्वप्निलकडं पाहिलं. पडद्याचा बांबू मी धरला होता आणि फोटो त्यानं काढला होता. एवढ्या माणसांत त्या पडद्याचं खरं ठाऊक असलेला तो एकटा. त्यानं नुसतं 'काका खरं सांगते' म्हटलं असतं तर पुरे होतं. तो पुढं आला, अगदी हळू माझ्या हातातून माइक घेतला, दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवला.

"हे आमचे काका," तो म्हणाला. "यायच्या गोष्टी आयकतच आमी मोठे झालो. ज्या मातीत अशी माणसं हायेत ना, ती माती आज तुमी घेऊन राह्यले!"

पुन्हा टाळ्या. त्याचा हात माझ्या खांद्यावर हलकाच होता.

बायना हसत नव्हती. माझी लाज वाटून ती खाली बघत होती. मी स्टेजवरून उतरलो आणि तिच्यापुढं उभा राहिलो. आता सांगायला माझ्याजवळ काही उरलं नव्हतं. एक तेवढं राखलेलं होतं.

"बायना," मी म्हटलं, "शिंदी मोज."

तिनं मान वर केली. आधी माझ्याकडं पाहिलं, मग फ्लेक्सकडं. बंगल्यांच्या मधून, गोऱ्या जोडप्याच्या डोक्यावरून तिचं बोट काठाकाठानं सरकलं. एक, दोन, तीन, चार, पाच. मग खाली पाण्यात. ते बोट बारा वर्षांच्या पोरीचं झालं होतं. पाचव्या पडछायेनंतर ते थोडं थबकलं, आणि सहावीवर जाऊन तिथंच राहिलं.

ती उठली. टेबलाशी गेली.

"माहा कागद द्या."

गुणवंतराव गोड हसले. "काऊन बाई, काय झालं? प्लॉट पसंत नाई का? दुसरा कोपरा देऊ."

"एक झाड जास्त हाये."

"झाड?" त्यांना काही उमगेना. "झाडाचं काय एवढं! पाह्यजे तं तोडून देऊ, पाह्यजे तं आणखी दोन लावून देऊ."

"ते तुमच्यानं तुटणार नाई," बायना म्हणाली आणि गठ्ठ्यातून आपला कागद स्वतःच ओढून घेतला.

लोकांना वाटलं, भावासारखीच बहीण. पुन्हा एक हसू फिरलं. फक्त स्वप्निल हसला नाही. तो मान वर करून फ्लेक्सकडं बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. मोजत होता. त्याचे ओठ थांबले तेव्हा मला कळलं, बहिणीचं घर मी वाचवलं खरं, पण मांजरीनं वाघाला झाडावर चढणं दाखवून दिलं.

परतताना बायना पुढं, मी मागं. नदीच्या बांधापर्यंत ती पुढंच चालत राहिली. मग न वळता म्हणाली, "त्यानं फोटो काढला तवा पडदा कोणं धरला होता?"

"मी."

"हं," ती म्हणाली. त्या दिवशी तिनं मला वाढलं, पण समोर बसली नाही.

बाकीच्यांनी प्लॉट घेतले. बिरजूनंही घेतला, हसून हसून दुखलेल्या बरगड्या धरत. आषाढ लागला आणि बांध्यांना आपली सवय आठवली. निळ्या झेंड्या बुडाल्या, नंबरांचे दगड बुडाले, कंबरभर पाणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बेडूक आले, मागून पाणकोंबड्या आल्या. गुणवंतरावांनी डोक्याला हात लावला असेल असं तुम्हाला वाटत असेल. त्यांनी स्वप्निलला बोलावलं. स्वप्निलनं ड्रोन उडवला आणि पुढच्या पुस्तिकेत चित्राऐवजी फोटो आला. त्याखाली या वेळी चांगलं टपोरं लिहिलं होतं: 'प्रत्यक्ष छायाचित्र'. बिरजू आता मला मरळीचं विचारत नाही. चहा ठेवतो आणि पाठ करून भांडी घासत बसतो.

नदी त्या वर्षी बायनाच्या उंबऱ्यापर्यंत आली, दोन दिवस थांबली आणि निघून गेली.

दिवाळीला स्वप्निल पाया पडायला आला नाही. भाऊबीज झाली, नाटक कंपन्यांचे बोर्ड लागले, आणि स्टेशनच्या चौकात नवा फ्लेक्स चढला. 'नीलजल लेक सिटी, फेज टू.' मागं माझा तलाव. मी बायनाबरोबर बाजाराला निघालो होतो, तिच्या डोक्यावर टोपली. दोघंही थांबलो.

माझे डोळे आता अधू झालेत, पण ते झाड मी लगेच ओळखलं. काठावरच्या तिसऱ्या शिंदीची नक्कल आरशातल्यासारखी फिरवून, थोडी बारीक करून शेवटाला लावली होती. तिसरीला मी काढलेलं एक मोडकं पान हिच्यात डावीकडचं उजवीकडं गेलं होतं. काम सफाईचं होतं. सावलीसुद्धा बरोबर पडली होती.

"वर किती?" बायनानं विचारलं.

"सहा."

"आन पाण्यात?"

"सहा."

तिनं डोक्यावरची चुंबळ नीट केली.

"मंग आता कोणाले काय मोजाले सांगशीन, दादा?"

मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

"राहू दे," ती म्हणाली. "मासोळ्या नासतीन." आणि बाजाराच्या रस्त्याला लागली.